कमाल आकडा खरा सांगावा

ईबेवरच्या लिलावात कमाल रक्कम एकदाच सांगायची. पुढची चढाओढ यंत्रणा तुमच्या वतीने करते. समजा, जुन्या कॅमेऱ्यासाठी तुमची मर्यादा 80 डॉलर आणि प्रतिस्पर्ध्याची 60. या टप्प्यात बोली एकेक डॉलरने चढते, म्हणून तिसरा कोणी नसेल तर कॅमेरा तुम्हाला 61 डॉलरला मिळतो. तुमचे 80 कोणाला दिसतही नाहीत. किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या आकड्यावरून. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने 1961 मध्ये मांडलेल्या तर्काशी हे जुळते: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर आकडा लपवून फायदा नाही.

मग शेवटच्या क्षणी झडप घालणारे जिंकतात कसे? बहुधा समोरच्याने मर्यादा हातची राखून सांगितलेली असते आणि ती वाढवायला वेळ उरत नाही, म्हणून. आकडा खरा असेल, तर झडपवाल्याला त्याच्याही वर जावे लागते. तेवढ्या किमतीला वस्तू तुम्हाला नकोच होती. विक्रेत्याने खोटा बोलीदार घुसवून भाव फुगवण्याची भीती रास्त आहे. ईबेवर त्याला बंदी आहे. तरीही कोणी तसे केलेच, तरी तुमची बोली तुमच्या आकड्यापलीकडे जात नाही. म्हणून तो लिलावाच्या भरात नव्हे, शांत डोक्याने ठरवावा.