शब्द कळतात, सूर कळत नाही

घरातील वृद्ध माणसाला दुसऱ्याचे दुःख कळत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. सून थकल्या आवाजात "बरं आहे" म्हणते आणि सासऱ्यांना ती खरोखरच बरी वाटते. जहाजावरचा मुलगा फोनवर "सगळं ठीक" म्हणतो; त्यातली उदासी त्यांच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी स्वभावाला दोष देण्यापूर्वी आपण वयाचा विचार करावा.

बोलताना शब्दांबरोबर सूरही जातो. रागात आवाज चढतो. दुःखात तो खाली येतो, बोलणे मंदावते. हे ओळखण्याची शक्ती वयाबरोबर हळूहळू कमी होते. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. आवाजातील राग व दुःख ओळखणे तरुणांपेक्षा वृद्धांना अवघड जाते, असे त्यात दिसून आले. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरेच, अशा वेळी वृद्ध माणूस शब्दावर अधिक विसंबतो, असेही आढळले आहे.

याची कारणे दोन. पहिले कानाचे. आतल्या कानातील नाजूक पेशी वयाने व गोंगाटाने मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'श' ही अक्षरे निसटतात. मग सारे लक्ष शब्द पकडण्यातच खर्च होते. डिचोलीच्या खाणींवर वर्षानुवर्षे यंत्रे चालविलेल्यांनी, तसेच रानडुकरे हाकलण्यासाठी काजूच्या बागेत फटाके लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रोज आठ तास ८५ डेसिबलहून मोठा आवाज कानाला धोक्याचा असतो. दुसरे कारण मेंदूचे. तपासणीत कान चांगले ठरले, तरी हा फरक दिसतो.

मग आपण काय करावे?

१. पॉवर टिलर किंवा टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. चेहरा दिसला की भाव ओळखणे सोपे जाते.

२. ओरडू नये. ओरडलेला आवाज रागासारखाच वाटतो आणि म्हातारे माणूस उगाच दुखावते.

३. मनातले शब्दांत सांगावे: "बाबा, आज मला वाईट वाटतंय." वडीलधाऱ्यांनीही "रागावलीस का गो?" असे सरळ विचारावे. त्यात कमीपणा नाही.

४. कानात तेल, काडी वा पिन घालू नये. ऐकू कमी येत असल्यास आरोग्य केंद्रात दाखवावे. कधी नुसता मळच साचलेला असतो. पुढील तपासणी बांबोळीच्या सरकारी इस्पितळातील कान-नाक-घसा विभागात होते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे.

५. श्रवणयंत्र मिळाले तर रोज वापरावे. त्याने शब्द कळण्यास मदत होते. पण सुरातील भाव पूर्वीसारखा कळेलच असे नाही. म्हणून यंत्र आल्यावरही तिसरी सूचना घरातल्या सर्वांनी पाळावी.