बंगळुरूत फ्लॅट घेताय? आधी मेंटेनन्स विचारा

व्हाइटफील्ड, सर्जापूर रोडकडे फ्लॅट बघणाऱ्यांनो, मेंटेनन्स बहुधा सुपर बिल्ट-अप क्षेत्रावर लागतो. म्हणजे लॉबी-जिन्याच्या वाट्याचेही पैसे! 1,600 चौरस फुटांना 5 रुपये दराने महिना 8,000.

आता खरी गंमत. फ्लॅटधारकांच्या असोसिएशनची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर आणि मेंटेनन्स 7,500च्या वर गेला की 18 टक्के जीएसटी. केंद्राच्या 2019च्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण रकमेवर, म्हणजे 1,440 रुपये. मद्रास उच्च न्यायालय 2021 मध्ये म्हणालं, फक्त वरच्या रकमेवर, म्हणजे 90! (मला हेच पटतं.)

कॉर्पस फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठी आधीच घेतलेली एकरकमी रक्कम) वेगळाच. शिवाय नळाचं पाणी पुरलं नाही तर टँकरचा खर्च: मार्च 2024च्या टंचाईत प्रशासनाला 12,000 लिटरमागे पाच किलोमीटरपर्यंत 1,000 रुपये असा दर बांधून द्यावा लागला. कावेरीचं पाणी येतं का, हे बिल्डरला नाही, तिथे राहणाऱ्यांना विचारा.