विद्येसाठी पंधरा वर्षं

मोगूबाई कुर्डीकरांचं नाव आज बहुतेकदा किशोरीताई आमोणकरांच्या आई म्हणून निघतं. या ओळखीत त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा झगडा झाकून जातो. मैफल मिळवण्यासाठी झगडणारे कलावंत पुष्कळ असतात. मोगूबाई झगडल्या त्या शिकायला मिळावं म्हणून.

जन्म १५ जुलै १९०४चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या, आणि लेकीनं मोठी गायिका व्हावं हा त्यांचा ध्यास. त्यासाठीच त्यांनी मोगूबाईंना चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. १९१४ साली आई गेली. जेमतेम दहा वर्षांची पोरकी मुलगी नाटक कंपनीच्या आसऱ्यानं वाढली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिनं ‘पुण्यप्रभाव’मधली किंकिणी आणि ‘सौभद्र’मधली सुभद्रा केली. कंपनी सुटल्यावर मुक्काम सांगलीला पडला.

जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत होते. जाता-येता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडायचा. एक दिवस ते थेट घरात आले, गायला सांगितलं आणि तालीम सुरू केली. हे १९१९च्या सुमाराचं. आपल्याला कोण शिकवतं आहे, याची त्या मुलीला सुरुवातीला कल्पनाही नव्हती. खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा पाठोपाठ त्याही गेल्या.

मुंबईत मात्र दार अर्धवटच उघडलं. खाँसाहेबांच्या भोवतालच्या मंडळींकडून मोगूबाईंना शिकवायला विरोध झाला आणि तालीम थांबली. मग आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. नंतर खाँसाहेबांचेच बंधू हैदर खाँ यांनी त्यांना काही वर्षं मनापासून विद्या दिली. तिथंही तेच घडलं. दबाव आला आणि हैदर खाँ मुंबई सोडून गेले. शेवटी अल्लादिया खाँसाहेबांनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधला तो १९३४ साली. सांगलीतल्या त्या पहिल्या तालमीला तोवर पंधरा वर्षं होत आली होती. १९४६ साली खाँसाहेब गेले. म्हणजे हक्काची तालीम उणीपुरी बारा वर्षांची.

या धरसोडीत एखादीनं सुगम गाणी गाऊन किंवा पुन्हा रंगभूमीवर जाऊन पोट भरलं असतं, तर तिला कुणी दोष दिला नसता. मोगूबाई ख्याल सोडून हलल्या नाहीत. पती लवकर गेले, तीन मुलं वाढवायची होती, तरीही नाही.

त्यांच्या गाण्यात मला सर्वांत थोर वाटते ती लय. जयपूर-अत्रौलीचा विलंबित त्रिताल ठाय असतो, पण थबकत नाही, आणि अनवट रागाची वळणं त्यात अखंड आवर्तन भरून उलगडत न्यावी लागतात. मोगूबाई हे करताना मात्रा मोजत आहेत असं कधी जाणवत नाही. समेवर येण्यासाठी त्या धडपडत नाहीत, बंदिश आपसूक तिथं पोचते. त्यांच्याकडे शिकलेल्या वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांचा समतोल जयपूर घराण्यात सापडतो, असं मांडलं. त्या विचाराला अशा गाण्याचा आधार होता, असं मी मानतो.

एवढ्या कष्टानं मिळालेली विद्या त्यांनी कोंडून ठेवली नाही. किशोरीताईंना तर त्यांनी इतर घराण्यांच्या गुरूंकडेही शिकायला पाठवलं. त्यांत अंजनीबाई मालपेकर होत्या. कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर असे गवई त्यांच्या तालमीतून गेले. शिस्त कडक होती. जागा दोन-तीनदा गाऊन दाखवायची, तेवढ्यात ती उचलायची. किशोरीताईंनी सिनेमासाठी गायलेलं त्यांना मुळीच रुचलं नव्हतं.

मान मात्र विद्येच्या मानानं मिळाला नाही. आईच्या मागे तानपुऱ्यावर बसणाऱ्या किशोरीताईंनी तिसऱ्या वर्गाचे प्रवास आणि संयोजकांनी केलेली हेळसांड पाहिली होती. पुढे व्यासपीठावर त्या कलावंताच्या प्रतिष्ठेसाठी एवढ्या कठोर का झाल्या, त्याचं उत्तर या प्रवासांत आहे. त्यांनी स्वतःच ते सांगितलेलं आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ साली आला, पद्मभूषण १९७४ साली. तोवर मोगूबाई सत्तरीला पोचल्या होत्या. पुढे साळावली धरणात कुर्डी गावही बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लोक गावाचे अवशेष पाहायला जातात, त्यांतच मोगूबाईंच्या घराचेही. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या गेल्या.

त्यांची ध्वनिमुद्रणं संख्येनं फार नाहीत, पण जी आहेत ती ऐकायला मिळतात. किशोरीताई ऐकणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकावीत, आणि शक्य तर केसरबाई केरकरांच्या गाण्याशेजारी ठेवून ऐकावीत. एकाच गुरूच्या विद्येला दोन स्वभावांनी दिलेली ही दोन रूपं आहेत. त्यांतल्या मोगूबाईंच्या रूपाला आपण फार कमी वेळ दिला आहे.