एक बादली पाणी आणि 500 मीटर

लोणावळ्याच्या तलावातले एक बादली पाणी, म्हणजे 20 लिटर, घाटाखालच्या खोपोलीच्या वीजघरात सोडले तर किती वीज मिळेल? सगळी घट वजा करून 10 वॅटचा दिवा दोन तास चालेल एवढी. तीच बादली 25 मीटर उंचीच्या धरणातून सोडली, तर दिवा सहा मिनिटांत विझेल. टाटांच्या या योजनेची सगळी करामत त्या उंचीत आहे. माथा आणि पायथा यांत 500 मीटरहून जास्त उभा फरक!

ही योजना सुचली त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. योजनेचे स्वप्न पाहणारे जमशेटजी टाटा 1904 मध्ये गेले, तिच्यासाठीची कंपनी 1910 मध्ये उभी राहिली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज सुमारे 70 किलोमीटरवरच्या मुंबईत पोहोचली. तारांमधला दाब होता 1 लाख व्होल्ट.

पण मला अधिक थक्क करतात ते डोंगरावरून उतरणारे पोलादी नळ. पायथ्याशी त्यांच्या आतल्या दर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, पाण्याचा भार 50 किलोहून जास्त. तोटीतून सुटणारी धार ताशी सुमारे 350 किलोमीटर वेगाने पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. पेल्टन चक्राचे गणित असे, की वाट्यांचा वेग धारेच्या निम्मा ठेवला की पाण्यातला जवळजवळ सगळा जोर चक्राला मिळतो आणि पाणी निमूट खाली पडते. अशा पाण्याचे साधारण 900 लिटर खर्ची पडले, की एक युनिट वीज. म्हणजे 10,000 किलोवॅटसाठी सेकंदाला 2,500 लिटर, तेही बारा महिने. पाऊस मात्र चारच महिने! म्हणून तर लोणावळा, वळवण आणि शिरवटा असे तीन तलाव बांधावे लागले.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. हे पाणी मुळात इंद्रायणीचे. भीमा आणि कृष्णेतून ते बंगालच्या उपसागराला जायचे. वीज देऊन झाली, की ते पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाते. पुढे मुळशीला याच तत्त्वावर धरण निघाले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर 1921 पासून सत्याग्रह केला. धरण झालेच. पश्चिमेला वळवलेले पाणी पुन्हा पूर्वेला सोडा, ही भीमा खोऱ्याची मागणी अजूनही उभी आहे.