प्राथमिक वर्गात विरामचिन्हांचे अध्यापन



वाक्याचे प्रकार आपण यापूर्वी अभ्यासले आहेत. त्या अभ्यासाचा एक प्रत्यक्ष उपयोग येथे पाहावयाचा आहे : पहिली ते चौथीच्या मुलांना विरामचिन्हे कशी शिकवावीत? वाचताना जेथे थांबतो तेथे चिन्ह द्यावे, असा नियम आपणही लहानपणी ऐकला असेल. तो वाचनाला साहाय्यक आहे. परंतु लेखन शिकणाऱ्या मुलाला तो पुरत नाही. अडखळत वाचणारे मूल प्रत्येक शब्दापाशी थांबते, तर बोलण्याच्या भरात असलेले मूल चार वाक्यांत एकदाही थांबत नाही. म्हणून विरामचिन्हांचे अध्यापन श्वासापेक्षा अर्थावर आधारलेले असावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

1. पार्श्वभूमी

जुन्या पोथ्यांत ओवीच्या शेवटी दंड आढळतात. मोडी पत्रव्यवहारात तर शब्दही सलग लिहिले जात. आजची बहुतेक चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून मराठीत आली. ती रूढ करण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही ते सहभागी होते. या इतिहासातून शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चिन्हे बोलण्यातून आपोआप येत नाहीत. घरी उत्तम मराठी बोलणाऱ्या मुलालाही ती शिकवावीच लागतात. त्यांचा अभाव म्हणजे निष्काळजीपणा, असे मानून गुण कापणे अन्यायाचे ठरते.

2. पूर्णविराम

देवनागरीत अक्षरांची मोठी आणि लहान अशी दोन रूपे नाहीत. इंग्रजीत नव्या वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षरावरून कळतो. मराठीत विधानाची सीमा दाखवण्याचे काम एकट्या पूर्णविरामावर पडते. म्हणून आरंभ याच चिन्हाने करावा.

आरंभीच्या वाचनपाठांत बहुधा एका ओळीत एकच वाक्य असते. त्यावरून, ओळ संपली की टिंब द्यायचे, असा ग्रह मूल करून घेऊ शकते. फळ्यावर एका ओळीत दोन छोटी वाक्ये आणि दोन ओळींत पसरलेले एक लांब वाक्य लिहून दाखवावे. म्हणजे हा ग्रह दूर होतो.

वाक्य संपले हे कसे ओळखावे? मराठी वाक्याच्या अखेरीस बहुधा क्रियापद येते, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरीतील मुलाला ती संज्ञा सांगण्याची गरज नाही. 'मी घरी जाऊन' एवढेच म्हणावे आणि थांबावे. ऐकणारी मुले लगेच विचारतील, 'मग काय केलेस?' हा प्रश्न उरतो तोवर पूर्णविराम नाही. 'मी घरी जाऊन जेवलो.' येथे बोलणे पुरे झाले.

3. प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह

पुढील वाक्ये पाहा :

बाबा आले.
बाबा आले?
बाबा आले!

शब्द आणि त्यांचा क्रम तोच आहे. मराठीत 'का' न जोडताही केवळ सुराने प्रश्न विचारता येतो. लेखनात तो सूर चिन्हाला सांभाळावा लागतो. परगावी असलेल्या ताईला मुलाने 'बाबा आले' एवढेच लिहून पाठवले, तर तो बातमी कळवतो आहे की चौकशी करतो आहे, हे तिला कसे समजावे? समोर नसलेल्या माणसापर्यंत आपले म्हणणे नेमके पोहोचवणे, हेच या चिन्हांचे प्रयोजन आहे.

मात्र प्रश्नार्थक शब्द दिसला की प्रश्नचिन्ह, असा नियम देऊ नये. 'तो कधी येणार, हे मला माहीत आहे.' या वाक्यात 'कधी' असूनही प्रश्नचिन्ह येत नाही. हे वाक्य ऐकणाऱ्याकडे उत्तर मागते का, एवढे मुलाने पाहावे.

4. स्वल्पविराम

तिसरीत प्रथम यादीतील स्वल्पविराम घ्यावा : 'आईने गूळ, शेंगदाणे, खोबरे आणि वेलदोडे आणले.' त्यानंतर संबोधन घ्यावे. 'काका आले नाहीत.' यात न आलेले काकाच आहेत. 'काका, आले नाहीत.' यात मात्र दुसरे कोणी आलेले नाही, हे काकांना सांगितले आहे. एका लहानशा खुणेने न येणारी व्यक्ती बदलली, हे पाहून मुलांना या चिन्हाचे महत्त्व पटते.

5. अवतरणचिन्ह

'सुमन म्हणाली मी उद्या येणार नाही' या लेखनातील 'मी' कोण? सुमन की लिहिणारा? मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना पुष्कळदा त्याचे सर्वनाम तसेच ठेवले जाते; त्यामुळे हा संदेह निर्माण होतो. सुमन म्हणाली, "मी उद्या येणार नाही." असे लिहिताच तो मिटतो. दोन मुलांचा संवाद वर्गात ऐकावा, फळ्यावर लिहावा आणि कोणाचे शब्द कोठून कोठपर्यंत आहेत, हे मुलांकडूनच खुणावून घ्यावे. चौथीत हे सहज साधते.

6. लेखनतपासणी

एका वेळी एकाच चिन्हाकडे लक्ष द्यावे. लाल शाईने सर्व चिन्हे भरून दिलेली वही मूल पाहते, पण त्यातून शिकत नाही. त्याऐवजी त्याने जसे लिहिले आहे तसेच शिक्षकाने मोठ्याने वाचावे. 'मला असे म्हणायचे नव्हते,' असे मूल म्हणाले, की पेन्सिल त्याच्या हाती द्यावी. दुरुस्ती त्यालाच करू द्यावी.

स्वाध्याय

1. 'तू येणार' या शब्दांपुढे तीन वेगवेगळी चिन्हे देऊन प्रत्येकाचा प्रसंग लिहा.
2. विरामचिन्हे नसलेला पाच वाक्यांचा उतारा दुसरीच्या वर्गासाठी तयार करा. त्यात 'जाऊन', 'बसून' यांसारखी किमान दोन रूपे आणा.
3. परिसरातील एखाद्या मुलाचे दहा ओळींचे लेखन मिळवा. त्यातील पूर्णविराम ओळीच्या शेवटी आहेत की वाक्याच्या शेवटी, याची नोंद करा व त्यावरून पुढील पाठाची योजना आखा.