जुनी गाडी, शहरातलं ट्रॅफिक आणि पेट्रोलचा हिशोब

दहा-पंधरा वर्षं जुनी अल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो आपल्याकडे अजून कितीतरी घरांत आहे. अम्मी-अब्बांना दवाखान्यात न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं, रात्री-बेरात्री कुणाच्या घरी जायचं, सगळं त्याच गाडीवर. नवी घ्यायची ऐपत नाही आणि जुनी पेट्रोल फार पिते, अशी तक्रार मग ठरलेलीच. पण किती पिते, असं विचारलं तर बहुतेकांना आकडा सांगता येत नाही. "पाचशेचं टाकलं, चार दिवसांत संपलं" हा काही हिशोब नाही.

आधी मोजा. टाकी फुल करा, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर तशीच पुन्हा फुल करा. गाडी जितके किलोमीटर चालली, त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. सातवीतल्या मुलालाही येणारं गणित आहे, त्यालाच करायला लावा. समजा महिन्याला 600 किलोमीटर होतात. 12 चा अॅव्हरेज असेल तर 50 लिटर लागतं, 15 चा असेल तर 40. पेट्रोल शंभराच्या वर असताना हा फरक हजार रुपयांहून जास्त होतो. एका मुलाची ट्यूशन फी निघते त्यात.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर गॅरेजमध्ये फुकट पैसे जातील. हल्ली पंपावर मिळतं ते बहुतेक ई-20 पेट्रोल, म्हणजे त्यात 20 टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे जुन्या गाडीचा अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकतो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी असाच अंदाज दिला होता. म्हणजे 15 चा 14 झाला असेल तर दोष गाडीत शोधू नका. 15 चा 11 झाला असेल तर मात्र नक्की काहीतरी बिघडलंय. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप एकदा तपासून घ्या, इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर उद्यावर ढकलू नका, तो आगीचा धोका आहे.

बिघाड असेल तर बहुतेक वेळा तो साध्या ठिकाणी सापडतो. सगळ्यात आधी ब्रेक. जुन्या गाडीत ब्रेक पूर्ण सुटत नाही किंवा हँडब्रेकची केबल जास्त आवळलेली असते, आणि गाडी दिवसभर स्वतःलाच ओढत राहते. जास्त ब्रेक न दाबता गाडी चालवून आणा, मग उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या (लावू नका, भाजेल). एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथेच पेट्रोल जातंय.

दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग इंजिन नीट तापत नाही, आणि इंजेक्शनवाल्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर मिस्त्रीला सरळ विचारा, "भाई, थर्मोस्टॅट आहे का काढलाय?" चेक इंजिनचा पिवळा दिवा महिनोन्‌महिने पेटलेला असेल तर तोही कोड वाचून घ्या. ऑक्सिजन सेन्सर गेला की गाडी चालते ठीक, पण पिते जास्त.

पीयूसीची चिठ्ठी आपण फक्त पोलिसांना दाखवायला ठेवतो. ती वाचा. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो. तो मर्यादेच्या जवळ किंवा वर असेल तर पेट्रोल पूर्ण न जळता बाहेर पडतंय. अर्थात, पीयूसीवाल्याने खरोखर सायलेन्सरमध्ये नळी घातली असेल तरच!

एअर फिल्टर बदला, पण इंजेक्शनवाल्या गाडीत त्याने अॅव्हरेज फारसा वाढत नाही, पिकअप सुधारतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 मध्ये मात्र फरक पडतो. हवा पंधरा दिवसांनी तपासा, टायर थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, हवावाल्याच्या मनावर सोडू नका. पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या 'मायलेज' गोळ्या यांवर एक रुपयाही घालवू नका.

राहिला चालवण्याचा प्रश्न. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर गाड्यांची रांग असते, अर्ध्या गाड्या चालूच. छोटं इंजिन नुसतं उभं राहूनही तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खातं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. दहा मिनिटांचे दहा रुपये, रोज. बॅटरी चांगली असेल तर अर्ध्या मिनिटापेक्षा मोठ्या सिग्नललाही इंजिन बंद करा.

आणि उतारावर न्यूट्रल करायची सवय सोडा. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय इंजिनचा ब्रेक मिळत नाही, तो धोका वेगळाच. पुढे लाल सिग्नल दिसला की लांबूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या.

दोन किलोमीटरच्या चकरा सगळ्यात महाग पडतात, कारण इंजिन तापायच्या आतच प्रवास संपतो. किराणा, औषधं आणि मुलांना आणणं एकाच फेरीत बसवता येत असेल तर बसवा. कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढणाऱ्यांना मी काय सांगू!