नारू गेला, जंत राहिले: आतड्यातील परजीवींच्या ओळखीचा मागोवा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे, उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव यांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. अलीकडच्या काही वर्षांत राज्यभर बारवांची साफसफाई सुरू झाली आणि परभणी जिल्ह्यातील बारवांकडेही लोक नव्याने पाहू लागले. या वास्तूंचे मोल मोठे आहेच. पण मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहासही अशा पाण्याशी जोडलेला आहे. पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालता येतो अशा विहिरी नारू या कृमीला फार सोयीच्या होत्या. पायाला फोड आलेला माणूस पाण्यात उतरला की नारूची मादी त्या फोडातून असंख्य अळ्या पाण्यात सोडायची. सायक्लोप्स नावाचा जेमतेम डोळ्यांना दिसणारा जलजीव त्या गिळायचा. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने पुन्हा नारू बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढणे एवढाच इलाज होता.

भारतात १९८४ साली सात राज्यांत मिळून नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले. त्या राज्यांत महाराष्ट्र होता. औषध नव्हते, लस नव्हती. तरीही विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसवणे, पाणी फडक्याने गाळणे, पाण्यात सायक्लोप्स मारणारे टेमेफॉस टाकणे आणि घरोघर रुग्ण शोधणे एवढ्या बळावर देश जिंकला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

मग पोटातले जंत का गेले नाहीत? त्यांच्यावर तर औषध आहे, स्वस्त आहे आणि शाळेत फुकट मिळते. उघड्यावरची घाण हे कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण शास्त्रज्ञांनाही उशिरा उमगले: आतड्यात राहणाऱ्या जीवांना आपण मोजक्या नावांत बसवले, प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी अधिक प्रकारचे निघाले.

सुरुवात अंकुशकृमीपासून करू. आतड्याच्या अस्तराला चिकटून हा रक्त पितो, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बायका-मुलांना आणखी फिकट करतो. इटलीत दुबिनीने १८३८ साली मिलानमध्ये तो प्रथम पाहिला. याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, हे कैरोमध्ये आर्थर लॉस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. १९०२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टाइल्स यांनी दुसरी जात वेगळी काढली, ती नेकेटर. तिसऱ्या जातीची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. लॉस यांनी १९११ मध्ये श्रीलंकेतील एका उदमांजरातून एक अंकुशकृमी वर्णिला. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, क्लेटन लेन यांनी तो बंगालमध्ये माणसांतही सापडल्याचे लिहिले. पुढे अनेकांनी ही जात वेगळी नाहीच असे ठरवून टाकले. १९५१ मध्ये बिओका यांनी तिचे वेगळेपण पुन्हा मांडले, तरी ती मुख्यतः कुत्र्या-मांजरांचीच मानली गेली. विष्ठेच्या नमुन्यांतील डीएनए वाचता येऊ लागल्यावर एकविसाव्या शतकात कळले, की आग्नेय आशियात माणसांमध्ये आढळणाऱ्या अंकुशकृमींत तिचा क्रमांक दुसरा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्यांची अंडी जवळजवळ एकसारखी दिसतात, त्यामुळे नजरेला हा फरक कळणे शक्यच नव्हते. त्याचा परिणाम मात्र मोठा आहे. गावातल्या प्रत्येक मुलाला गोळी दिली आणि ओट्यावर झोपणारे कुत्रे तसेच राहिले, तर ही जात परत येण्याची वाट मोकळीच राहते.

आवेची कथा याहून बोलकी आहे. रक्ताची आव करणारा अमीबा फ्योदोर ल्योश यांनी १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये वर्णिला. कितीतरी लोकांच्या शौचात तो दिसे, पण त्यांना काहीच त्रास नसे. फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्ये सांगितले, की हे दोन वेगळे जीव आहेत, एक रोग करणारा आणि एक निरुपद्रवी. त्यांचे म्हणणे अर्धशतकाहून अधिक काळ फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९७८ मध्ये सार्जंट आणि सहकाऱ्यांनी अमीबांची विकरे तपासली, तेव्हा दोन गट स्पष्ट दिसले. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी त्यांना रीतसर वेगळे केले आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मान्य केले. २००५ मध्ये रोगकारक अमीबाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्या कामात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सुधा आणि आलोक भट्टाचार्य यांचा सहभाग होता. १९२५ ते १९९७ या बहात्तर वर्षांत शौचात अमीबाच्या पुटी (कवचबंद अवस्था) दिसल्या म्हणून निरुपद्रवी अमीबावर किती गोळ्या खर्ची पडल्या असतील, याचा विचार अस्वस्थ करतो. तालुक्याच्या प्रयोगशाळेत केवळ सूक्ष्मदर्शकावर चालणाऱ्या तपासणीत हा फरक आजही दिसत नाही.

महाराष्ट्रातील एक काम इथे मुद्दाम सांगायला हवे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने अनेक वर्षे भारतीयांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. त्यातूनच २०१५ मध्ये ब्लास्टोसिस्टिस या एकपेशीय जीवावरचा शोधनिबंध आला. या जीवाचे बाह्य रूप सगळीकडे सारखे दिसते, पण जनुकांवरून त्याचे अनेक उपप्रकार पडतात आणि २००७ पासून ते क्रमांकांनी ओळखले जातात. या संशोधकांनी आजारी माणसे न निवडता निरोगी माणसे तपासली. त्यांच्यातही ब्लास्टोसिस्टिस सापडला, आणि प्रामुख्याने पहिला व तिसरा उपप्रकार. मला हे काम महत्त्वाचे वाटते ते त्यामागच्या प्रश्नासाठी. निरोगी माणसाच्या पोटात कोण राहते हे माहीत नसेल, तर आजाऱ्याच्या पोटात सापडलेल्या जीवाला दोषी कसे ठरवणार?

गोलकृमीने आणखी एक समजूत मोडली. माणसाचा जंत वेगळा आणि डुकराचा वेगळा, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २०२० मध्ये केनियातील गावांत माणसांकडून गोळा केलेल्या जंतांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा त्यांत डुकराच्या जंतांच्या वंशाची सरमिसळ दिसली. डुकराच्या आतड्यातील जंत आणि माणसाच्या आतड्यातील जंत यांच्यात पक्की भिंत नाही. ज्या गावात डुकरे उकिरड्यावर फिरतात, तिथे ही माहिती पुस्तकात ठेवून चालणार नाही.

आता गोळीकडे येऊ. जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये शाळकरी मुलांना नियमित जंतनाशक देण्याचे उद्दिष्ट ठरवले. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी, बाकीच्यांना ४०० मिलिग्रॅमची एक. अंगणवाडीताई, आशाताई आणि शिक्षक यांनी हे काम गावोगाव पोचवले आणि त्याने असंख्य मुलांचे भले झाले. पण एका मात्रेने गोलकृमी जितका सहज मरतो, तितका चाबकाच्या आकाराचा ट्रायच्युरिस मरत नाही. आणि गोळी प्रत्येक वेळी निवड करते: जे मरतात ते संपतात, जे तगतात त्यांचीच पिल्ले पुढच्या पावसाळ्यात मातीत असतात.

शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. याच गटातील औषधे वारंवार पाजल्याने मेंढ्यांच्या पोटातील हिमाँकससारखे कृमी जगभर निगरगट्ट झाले. कृमीच्या बीटा-ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनात १६७, १९८ किंवा २०० या जागी एक घटक बदलला की औषध तिथे नीट चिकटत नाही. माणसांच्या कृमींत हे बदल पसरत आहेत का, हे अंडी मोजून कळणार नाही. जनुकेच वाचावी लागतील. २०२५ मध्ये २७ देशांतील नमुन्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ठिकाणागणिक कृमींची जनुके इतकी बदलतात, की एका देशासाठी बनवलेली डीएनए चाचणी दुसरीकडे चुकू शकते, हा त्याचा इशारा आहे.

नारूचा धडाही अजून संपलेला नाही. आफ्रिकेतील चाडमध्ये दहा वर्षांच्या खंडानंतर २०१० मध्ये रुग्ण सापडले, आणि दोन वर्षांनी तिथल्या कुत्र्यांमध्येही नारू दिसला. कुत्र्यांतला कृमी आणि माणसांतला कृमी एकाच जातीचा आहे, हे जनुकांनीच सिद्ध केले. भारतात नारू संपला तो माणसांवर आणि पाण्यावर लक्ष ठेवून. चाडमध्ये आता कुत्र्यांवरही लक्ष ठेवावे लागते.

या दीर्घ वाटचालीतून मी एक निष्कर्ष काढतो. स्वच्छ पाणी, वापरात असलेला संडास, पायात चप्पल आणि धुतलेले हात हे जनुकांची वाट न पाहता सर्व जातींवर एकदम चालते, म्हणून ते पहिले. गोळी दुसरी, आणि ती चालू राहायला हवी. पण गोळीबरोबर तिसरे काम आजच सुरू व्हावे: चारठाण्यासारख्या गावांतून, माणसांबरोबरच कुत्री, डुकरे आणि शेळ्यांचेही नमुने दरवर्षी घेऊन त्यांची जनुके वाचणे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात जनुके वाचणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, गावात आशाताई आहे. या तिघांना जोडणारी योजना राज्याच्या आरोग्य विभागाने आखली, तर गोळीची ताकद ओसरू लागल्याचे आपल्याला मुलांचे पोट पुन्हा दुखायला लागण्याआधी कळेल.